कंगणीखालची खाच

राहुरीच्या जुन्या गल्लीतून जाताना माझी मान आपोआप वर जाते. वाडे निम्मे पडलेत, पण भिंतीच्या माथ्यावर बाहेर काढलेले भाजक्या विटांचे थर अजून तग धरून असतात. कुठे एकावर एक पुढे सरकवलेले दोन-तीन थर, कुठे तिरक्या विटांची दातेरी ओळ. हीच कंगणी.

लोक तिला नक्षी समजतात. नक्षी मागाहून आली. भिंत पांढऱ्या मातीच्या भेंड्यांची, वर धाबंही मातीचंच. अशा घराला ऊन काही करत नाही, पाणी मात्र खाऊन टाकतं. पन्हळीतून गेलं ते गेलं; कडेवरून ओघळलेलं भिंतीला चाटत उतरलं की माती सुटलीच. कंगणी ते चार बोटं लांब पाडते.

आता कुणी म्हणेल, राहुरीत पाऊस तो केवढा! खरं आहे. याच जिल्ह्यात अकोल्याकडच्या रतनवाडीला झड लागून राहते आणि आम्ही पर्जन्यछायेत आभाळ न्याहाळत बसतो. पण परतीचा पाऊस आला की वाऱ्यासकट तिरका कोसळतो, वर्षभराचा राग काढल्यासारखा.

खरी करामत तर खालच्या अंगाला आहे. कडेला आलेलं पाणी सरळ खाली पडतं असं आपल्याला वाटतं. ते लबाड असतं. कंगणीच्या किंवा छज्ज्याच्या पोटाला चिकटून पुन्हा भिंतीकडे सरकतं. म्हणून कडेपासून थोडं आत बोटभर खाच ठेवायची. ती ओलांडता न आल्याने थेंब तिथेच गळतो. नक्षीचं तसं नाही. फ्लॉरेन्सच्या स्ट्रॉत्झी वाड्याची प्रचंड कंगणी जगभर वाखाणली जाते. १४८९ साली पाया घातलेल्या त्या वाड्याला ती पूर्ण फिरलीच नाही, अर्धवट राहिली. नक्षी राहिली तर चालतं. खाच राहिली तर नाही.

नव्या बंगल्यांना ‘एलिव्हेशन’ असतं. बाहेरून सगळं सपाट, गुळगुळीत. कंगणी गेली हॉलमध्ये, पीओपीची होऊन. तिथे पाऊसच पडत नाही! बाहेर दोन पावसाळ्यांत पॅराफिटखाली काळे ओघळ उमटतात, आत पोपडे धरतात आणि वॉटरप्रूफिंगवाल्याला फोन जातो.

छज्ज्याचा गिलावा ओला असताना सळईचा तुकडा दाबून ओढला तरी खाच पडते. खर्च म्हणाल तर गवंड्याचा थोडा वेळ, आणि शिडीखाली उभं राहून ‘झाली का?’ विचारणारा मालक.