मुळातही असतो तोच जीनोम


अश्वगंधेच्या हरितलवक जीनोमवरील लेखाला उत्तर देताना एका पत्रलेखकाने विचारले आहे, की अश्वगंधेचे औषध मुळाचे आणि मूळ तर पांढरे, मग त्यात हरितलवक येणार कुठून? प्रश्न बिनतोड वाटतो, पण गृहीतकच चुकीचे आहे. मुळाच्या पेशींत रंगहीन लवके असतात आणि त्यांतला डीएनए पानातल्या हरितलवकांचाच असतो, सुमारे दीड लाख अक्षरांचा. एका पेशीत त्याच्या अनेक प्रती असल्याने वाळवलेल्या, कुटलेल्या मालातूनही तो मिळण्याची शक्यता बरीच असते.

डीएनए तपासून वनस्पती ओळखण्याचा ‘हा उपद्व्याप कशाला?’ याचे उत्तर शंखपुष्पीत सापडेल. या एकाच नावाने बाजारात विष्णुक्रांता आणि गोकर्णही खपतात. फुले समोर असली तर जाणकार चटकन ओळखेल. चूर्णाच्या पुडीपुढे त्याचाही इलाज चालत नाही.

मात्र डीएनए चाचणी म्हणजे ‘शुद्धतेची हमी’ हा मूळ लेखातला दावा मलाही मान्य नाही. पान आणि मूळ यांचा जीनोम एकच असल्याने मुळाच्या चूर्णात कोणी पाने मिसळली, तर ही चाचणी ते पकडू शकत नाही. अश्वगंधेतल्या विथॅनोलाइड या घटकाचे प्रमाणही ती सांगत नाही. त्यासाठी सूक्ष्मदर्शक आणि रासायनिक तपासणीच हवी. वनस्पती कोणती, हे डीएनएने ठरवावे. माल कसा आहे, हे रसायनशास्त्राने. एका तपासणीच्या कौतुकात दुसरीला मोडीत काढण्याचे कारण नाही.

– वनस्पतिशास्त्राची एक शिक्षिका