डोंगरची काळी मैना

वैशाखात सह्याद्रीच्या वाटांवर ‘डोंगरची काळी मैना’ अशी आरोळी ऐकू येते आणि पानांच्या द्रोणातून करवंदे हाती पडतात. आपण त्यांना कौतुकाने रानमेवा म्हणतो. परंतु आंब्याला कलम, द्राक्षाला मांडव आणि करवंदीला मात्र कोयता किंवा वणवा, ही वाटणी मला न्याय्य वाटत नाही.

मुलांनो, करवंद फोडून ‘कोंबडा की कोंबडी’ हा खेळ तुमच्यापैकी पुष्कळांनी खेळला असेल. गर लाल निघाला तर कोंबडा, पांढरट निघाला तर कोंबडी! हा भेद केवळ खेळापुरता नाही. रानातील करवंदी बीपासून उगवते. त्यामुळे एका जाळीचे फळ दुसरीच्या फळासारखे असतेच असे नाही. कोठे ते टपोरे, कोठे मधुर, तर कोठे नुसतेच आंबट. नवी फळजात घडविणाऱ्याचे खरे भांडवल ही विविधताच होय.

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात ब्लूबेरी हेही एके काळी रानफळच होते. त्याच्या झुडपांना आम्लधर्मी जमीन लागते, हे फ्रेडरिक कोव्हिल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९१० मध्ये दाखवून दिले. पुढच्याच वर्षी एलिझाबेथ व्हाइट ही बागाइतदाराची कन्या त्याच्या साहाय्यास आली. तिने रानफळे वेचणाऱ्यांना ठरावीक मापाचे भोक असलेली पट्टी दिली. त्या भोकातून न जाणारी फळे देणारे झुडूप जो दाखवी, त्याला ती मोबदला देई आणि झुडपाला त्याचेच नाव ठेवी. अशा निवडीतून सिद्ध झालेले पहिले पीक १९१६ मध्ये बाजारात गेले. कोव्हिलची विद्वत्ता मोठी खरी. पण रानाची खडानखडा माहिती त्या वेचणाऱ्यांनाच होती, हे विसरून चालणार नाही.

आपल्याकडे दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण बोल्ड’ ही टपोऱ्या करवंदांची जात निवडली आहे. तेवढ्यावर थांबणे मात्र योग्य नव्हे. करवंदीला काटे फार, तोडणी जिकिरीची, असा आक्षेप घेतला जातो. तो खोटा नाही. पण कमी काट्यांची जाळी शोधायची तरी कोठे? रानातच ना! डोंगर उतरणीला लागलेल्या एका वणव्यात अशी जाळी जळून गेली, तर तिचे गुण पुन्हा मिळतीलच असे नाही.

तुमच्या गावच्या डोंगरावर सर्वांत गोड करवंदे कोणत्या जाळीची, हे तुम्हांलाच ठाऊक असते. ती जाळी गुरुजींना दाखवा. पावसाळ्यात तिच्या फांदीवर गुटी बांधली, की मूळ झाडाचे गुण नव्या रोपात जसेच्या तसे उतरतात. मात्र तोपर्यंत ती जाळी उभी राहिली पाहिजे.