नव्वद दिवसांचा दाखला

रहिमतपुरात घराचे काम निघाले की गवंडी ठरतो तो तोंडी बोलीवर. त्याच्यामागे दोन बिगारी. स्लॅबच्या दिवशी आणखी आठ-दहा. हजेरीपट कोणी ठेवीत नाही.

१९९६ साली संसदेने या कामगारांसाठी कायदा करून बांधकामखर्चावर उपकर बसविला. महाराष्ट्राचे कल्याणकारी मंडळ उभे राहिले २०११ मध्ये. हा विलंब सोडून देऊ. देशभरात ३७,४०० कोटींहून अधिक रुपये जमले, खर्च झाले सुमारे ९,५०० कोटी, हे सर्वोच्च न्यायालयानेच २०१८ मध्ये नमूद केले. तेव्हा खोट निधीची नव्हे. नोंदणीला वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि चार मालकांकडे तुकड्यातुकड्याने राबलेल्याला तो द्यायचा कोणी? ग्रामसेवकाने वा पालिकेच्या अधिकाऱ्याने द्यावा, तर त्यांनी ते काम पाहिलेले नसते. मग दाखला मिळतो खटपटी माणसाला. त्याने थापी हाती धरलेली असो वा नसो! नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या नव्या संहितेनेही ही अट तशीच ठेवली आहे.

बांधकाम-परवान्यासोबतच नगरपालिकेने घरमालकाच्या हाती हजेरी-पुस्तिका ठेवावी. मोठ्या बांधकामांचा उपकर परवान्याच्याच वेळी घेण्याची सोय सरकारला सुचली. हजेरीची का सुचू नये?