पाणबुडीतला तांडेल



या वेळी पीकपाणी बाजूला ठेवून थोडे समुद्राचे बोलू. परवा धाडला सोयाबीनच्या बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक आटोपले, तेव्हा एका ओळखीच्या शेतकऱ्याने मला बाजूला घेतले. "साहेब, पोरगं नौदलात लागलं. आता पाणबुडीवर चाललं म्हणते. पाण्याखाली फोन लागत नाही. तिथं त्याला बघणारं कोण?"

"असतो की भाऊ, बघणारा," एवढेच तेव्हा बोललो. आई-बापाचे एवढ्याने समाधान होत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

पाणबुडीवर या माणसाला कॉक्सवेन म्हणतात. तो अधिकारी नव्हे. खलाशी म्हणून भरती होऊन पायरी-पायरीने वर चढलेला, बोटीवरचा जुना जाणता. फौजेतला सुभेदार मेजर तुम्हाला ठाऊक आहे, तसाच याचा मान.

शब्द इंग्रजांचा. कॉक म्हणजे लहान होडी, स्वेन म्हणजे चाकर. नावाला चाकर, पण होडी त्याच्या हाती. आपल्या कोकणात कोळ्यांच्या होडीवर हेच काम तांडेल करतो.

पाणबुडीत या माणसाचे वजन का वाढले, ते पाहा. अमेरिकेने १९०० साली 'हॉलंड' पाणबुडी नौदलात घेतली, इंग्रजांची पहिली १९०१ साली पाण्यात उतरली. लांबी साठ फुटांच्या आसपास, माणसे दहाच्या आत. मोठ्या जहाजावर अधिकाऱ्यांची रांग असते, येथे एखाद-दुसरा. तो झोपला किंवा आजारी पडला तर? मग सर्वांत अनुभवी खलाशावर भार आला. अमेरिकन त्याला 'चीफ ऑफ द बोट' म्हणू लागले. इंग्रजांच्या पाणबुडीत बुडी मारताना मागच्या पंख्यांचा ताबा कॉक्सवेनकडे असे. बोट तिरपी झाली तर सावरणारा हात त्याचा. शिधा तोच वाटी, शिस्त तोच राखी. बोटीवर डॉक्टर नसे, तेव्हा औषधाची पेटीही त्याच्याकडेच. आपल्या घरातली आजी आणि मुकादम एकाच माणसात घाला, म्हणजे कल्पना येईल!

आपली पहिली पाणबुडी 'कलवरी' ८ डिसेंबर १९६७ रोजी तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या रीगा बंदरात नौदलात दाखल झाली. १९६९ साली 'करंज' आली. तिचे पहिले कप्तान मोहन नारायणराव सामंत आपले मराठी. १९७१ च्या युद्धातल्या कामगिरीबद्दल त्यांना महावीर चक्र मिळाले. बोटी रशियन बनावटीच्या, पण आपल्या नौदलाच्या रीती इंग्रजांकडून आलेल्या, त्यामुळे कॉक्सवेन हे नाव टिकले. पुढे १९९२ साली मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली 'शाल्की' दाखल झाली.

त्या शेतकऱ्याने जाता जाता आणखी एक विचारले होते, "तो लई शिकलेला असतो का?" मला हसू आले. मी बी.एस्सी. होऊन नोकरीला लागलो, तेव्हा मूठभर माती दाबून वाफसा कसा ओळखावा, हे मला एका म्हाताऱ्या सालदाराने शिकवले. त्याला सही येत नव्हती. कॉक्सवेन मात्र शिकलेला असतो. पण नवा पोरगा घाबरला आहे की नुसता थकला आहे, हे तो ओळखतो ते पाण्याखाली काढलेल्या वर्षांवरून.

मुलगा सुटीवर आला, की त्याच्या कॉक्सवेनचे गाव कोणते ते जरूर विचारा. बीजप्रक्रियेचे राहिलेले पुढच्या अंकी.