पाटी नवी करा, पण खोटी करू नका



कारखान्याचा पट्टा पडला, ऊसतोडीची धावपळ थांबली, की आपल्या कार्यक्षेत्रात घरोघर एक काम निघते. गोठ्यामागची, विहिरीवरची, जुन्या गुऱ्हाळाच्या छपरातली अडगळ बाहेर काढायची आणि भंगारवाल्याला बोलवायचे. त्या अडगळीत आजोबांच्या वेळचे ऑइल इंजिन असते, उसाचा चरक असतो, लोखंडी नांगर असतो. अलीकडे एक चांगली गोष्ट अशी घडते आहे, की घरातली शिकलेली पोरं हे भंगारात घालू देत नाहीत. इंजिन साफ करतात, रंग देतात, सुरू करतात, दसऱ्याला पूजतात आणि कृषी प्रदर्शनात नेऊन ठेवतात. आम्हाला याचे कौतुक आहे. पण या कामात इंजिनाची पाटी, टाकीवरचे अक्षर, बॉनेटवरचा बिल्ला याबाबत जी घिसाडघाई चालते, तिच्याविषयी चार शब्द स्पष्ट बोलणे आम्हाला भाग आहे.

निमित्त असे घडले. आपल्या एका सभासदाच्या मुलाने आजोबांचे दोन मोठ्या चाकांचे, सावकाश फिरणारे इंजिन मेहनतीने चालू केले. मूळ पितळी पाटी झिजून सपाट झाली होती. त्याने शहरातून एक चकचकीत तयार पाटी आणून बसवली. आपले एक निवृत्त फिटर ते बघायला गेले. पाटी वाचली आणि त्यांनी विचारले, "बाळा, ही पाटी कुठली रं?" पोरगा म्हणाला, "दुकानातनं आणली, काका. अगदी जुन्यावानी हाय." "जुन्यावानी हाय खरं, पण ह्या इंजनाची न्हाय. हिच्यावर फेरे लिहिल्यात पंधराशे!"

इंजिन होते लिस्टर नमुन्याचे. मूळचे लिस्टर इंजिन इंग्लंडात डर्सली गावी तयार होई. सहा अश्वशक्तीच्या एका सिलिंडरच्या इंजिनाचा ठरलेला वेग मिनिटाला ६५० फेरे. पुढे त्याच नमुन्याची इंजिने आपल्याकडे राजकोटला भरपूर निघाली. पंधराशे फेऱ्यांची इंजिने वेगळी, त्यांची चाके लहान, घडण निराळी. मुलगा मात्र पाटीवर विश्वासून गव्हर्नरची स्प्रिंग ताणून वेग वाढवायच्या बेतात होता. आता साधा हिशेब करा. फिरत्या चाकावरचा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दीडपट झाला, तर ताण सव्वादोन पट. ६५० चे १५०० केले, तर ताण पाचपटीच्या वर. बिडाचे चाक अशा ताणाने फुटते आणि त्याचा तुकडा छप्पर फोडून जातो. फिटर वेळेवर गेले म्हणून निभावले. पाटी म्हणजे नुसता दागिना नव्हे, हे यावरून ध्यानात यावे.

पाटीवर यंत्राची अश्वशक्ती, फेरे, नंबर, बनावट असते. म्हणजे ती यंत्राचा सातबाराच म्हणा ना. सातबारा फाटला तर आपण नक्कल काढतो. पण शेजाऱ्याच्या गटाचा उतारा आणून आपल्या नावावर लावत नाही. यंत्राच्या बाबतीत मात्र तेच सर्रास चालले आहे.

बिल्ल्यांचेही तसेच. राखाडी रंगाचा छोटा फर्ग्युसन ट्रॅक्टर, टीई-२०, इंग्लंडात कॉव्हेंट्रीला १९४६ ते १९५६ या काळात तयार झाला. त्यावर मॅसी फर्ग्युसनचा बिल्ला लावलेला आम्ही पाहिला आहे. मॅसी-हॅरिस आणि फर्ग्युसन या कंपन्या एकत्र आल्या १९५३ मध्ये आणि मॅसी फर्ग्युसन हे नाव आले १९५८ मध्ये. म्हणजे ट्रॅक्टर आधीचा आणि बिल्ला नंतरचा. आपल्याकडच्या बी-२७५ चेही तसेच आहे. महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर १९६३ मध्ये भागीदारीची कंपनी काढली, पुढे १९७७ मध्ये ती महिंद्रात विलीन झाली. त्यामुळे कोणत्या सालच्या ट्रॅक्टरवर कोणते नाव होते, हे बघूनच अक्षर काढले पाहिजे. दुकानात मिळाला तो बिल्ला ठोकला, की आजोबांनी तो ट्रॅक्टर केव्हा आणि कसा घेतला, ही घरची हकिकतच पुसली जाते.

काही मंडळी याच्या उलट टोकाला जातात. ते म्हणतात, झिजले आहे ते झिजलेलेच ठेवा, नवी पाटी लावणे म्हणजेच फसवणूक. यात तथ्य नाही असे नाही. शंभर हातांनी पुसून गुळगुळीत झालेल्या पाटीत जी माया आहे, ती नव्या पाटीत येणार नाही. आणि जी पाटी अजून वाचता येते, तिला हात लावूच नये, असे आमचेही मत आहे. पण जी वाचताच येत नाही, तिचा चालत्या यंत्राला उपयोग काय? जुनी पाटी जपून ठेवावी, यंत्रावर तिची खरी नक्कल लावावी, हा मधला मार्ग आम्हाला शहाणपणाचा वाटतो.

आता ही नक्कल करायची कशी? पहिली गोष्ट, घासू नका. आपल्या आयाबाया पितळ दिसले की चिंच आणि राख घेऊन बसतात. तांब्याला ते ठीक. पाटीच्या बारीक अक्षरांतला रंग त्याने जातो आणि अक्षराची धार मोडते. तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर तर शत्रूच समजा. राॅकेलच्या किंवा डिझेलच्या फडक्याने नुसते तेलकट पुसून घ्या.

मग सकाळी किंवा सायंकाळी तिरप्या उन्हात पाटी धरा. भर दुपारी न दिसलेली अक्षरे तिरप्या उजेडात सावली टाकून उठून दिसतात. शेजारी मोजपट्टी ठेवून समोरून फोटो घ्या. नंतर पातळ कागद पाटीवर ठेवून मऊ पेन्सिल आडवी घासा. लहानपणी रुपयाच्या नाण्यावर कागद ठेवून आपण छाप उठवायचो, तीच युक्ती. हे सगळे पाटी यंत्रावर असतानाच करावे. पाटी काढायची झालीच, तर छिन्नीने उचकटू नका, ती वाकते. रिव्हेटचे डोके ड्रिलने उडवा आणि पाटी अलगद सोडवा.

पितळी पाटीची नक्कल ॲसिडच्या कामाने होते. कचेऱ्यांच्या पाट्या, शाळेच्या ढाली करणारे कारागीर हे काम जाणतात. जेवढा भाग उठावाचा ठेवायचा त्यावर लेप देतात, उघडा भाग फेरिक क्लोराइडच्या पाण्यात खातो, मग त्या खोलगट भागात इनॅमल रंग भरून वरची अक्षरे चकचकीत करतात. फक्त एक पथ्य पाळा. कारागिराला कॉम्प्युटरमधले तयार अक्षर वापरू देऊ नका. जुनी अक्षरे हाताने काढलेली असत, त्यांचे वळण वेगळे असते. फोटोवरून एकेक अक्षर गिरवून घ्या. वेळ लागतो, पण नक्कल आणि सोंग यातला फरक तिथेच आहे.

ओतीव अक्षरांची गोष्ट वेगळी. जुनी ओतीव पाटी तशीच वाळूत दाबून नवी ओतली, तर ती लहान निघते, कारण धातू थंड होताना आकसतो. बीड शेकडा सुमारे एक, पितळ सुमारे दीड. म्हणजे दहा इंची पितळी पाटी जवळपास सव्वा दोरा लहान भरते आणि स्क्रूची भोके जुळत नाहीत. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करून घ्यावा लागतो. आपल्या फाउंड्रीतले पॅटर्नवाले यासाठी वाढीव मापाची पट्टीच वापरतात, त्यांना हे शिकवावे लागत नाही. टाकीवरच्या आणि बॉनेटवरच्या रंगीत अक्षरांना पूर्वी पाण्यात भिजवून सरकवायचे छापील चित्र असे. आता स्टिकरवर तसेच छापून मिळते. पण डिझेल ओघळले की त्याचा रंग जातो, म्हणून वरून लॅकरचा हात द्यावा.

आणि सगळ्यात महत्त्वाचे, नंबर. मूळ नंबर वाचता आला तर तोच घाला. वाचता आला नाही तर जागा कोरी ठेवा. मनाने नंबर घालणे म्हणजे खोटा दाखला लिहिणे. ट्रॅक्टरच्या चेसिस नंबरला आणि इंजिन नंबरला तर घरी पंच लावूच नये. तो आरटीओच्या नोंदीतला मामला आहे, झिजला असेल तर रीतसर त्यांच्याकडेच जावे. नव्या पाटीच्या मागल्या अंगाला 'नक्कल' हा शब्द आणि साल कोरून घ्यावे. पुढेमागे यंत्र विकले गेले, तर घेणाऱ्याची फसगत होणार नाही. दोन-तीन मोडक्या इंजिनांचे सुटे भाग जुळवून, वर नवी पाटी ठोकून, "अस्सल जुने" म्हणून विकणारे लोक फिरत आहेत. त्यांच्या पंगतीला आपण बसायचे नाही.

दुसऱ्याला उपदेश करताना आपल्या ताटाखालचेही बघावे. आपल्याच कारखान्यात जुनी मिल काढून नवी बसवली, तेव्हा जुन्या यंत्रावरच्या पाट्या भंगाराबरोबर गेल्या. कुणी कागद ठेवून पेन्सिल घासली नाही, कुणी फोटो घेतला नाही. ज्या यंत्रासाठी आपल्या वाडवडिलांनी शेअर्सचे पैसे भरले, प्रसंगी घरातली बोरमाळ गहाण टाकली, त्या यंत्राचा नंबरसुद्धा आज आपल्याला सांगता येत नाही. यात आम्हीही दोषी आहोत.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगराने जमीन नासते, असे म्हणणारे लोक तेव्हा होते. तो नांगर शेतकऱ्याने स्वीकारला. मोटेची जागा इंजिनाने घेतली, विहिरीचे पाणी वाढले, ऊस वाढला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी कारखाना १९५० मध्ये उभा राहिला आणि त्या वाटेने आपणही आलो. हा सगळा इतिहास पुस्तकात आहेच. पण आपल्या घरचा, आपल्या विहिरीवरचा इतिहास त्या चार बोटांच्या पितळी पाटीवर आहे, आणि ती रोज थोडी थोडी झिजते आहे.

म्हणून आमची सूचना अशी. कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये एक नोंदवही ठेवावी. सभासदाने यंत्र भंगारात घालण्यापूर्वी किंवा रंगवण्यापूर्वी पाटीचा कागदावरचा छाप आणि फोटो तिथे आणून द्यावा. त्यावर यंत्र कोणाचे, कोणत्या विहिरीवर किंवा गुऱ्हाळावर चालले, एवढे लिहावे. म्हणजे ज्याची पाटी गेली, त्याला त्याच नमुन्याची पाटी दुसऱ्याच्या नोंदीवरून पडताळून करता येईल. याला खर्च वहीचा आणि पेन्सिलीचा. वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय घ्यावा, अशी विनंती आम्ही संचालक मंडळाला करीत आहोत. सभा व्हायची तेव्हा होईल, छाप मात्र आजच घेऊन ठेवा. भंगारवाला सभेची वाट बघत नाही.

कळावे.