अंडं विकणारीच्या ताटात काय?



पावसाळा संपताना दक्षिण बंगालमधल्या एका गावी महिला गटाच्या बैठकीला गेले होते. दुपारी जेवायला बदकाच्या अंड्यांचा रस्सा होता. उकडलेली अंडी हळद लावून मोहरीच्या तेलात परतायची आणि बटाट्याबरोबर रश्शात सोडायची. आम्हा पाहुण्यांच्या ताटात एकेक अख्खं अंडं. यजमानीण मात्र नुसता बटाटा-रस्सा घेऊन बसली. ‘‘तुला नाही?’’ असं विचारलं, तर हसून म्हणाली, ‘‘दीदी, मीच खाल्लं तर विकू काय?’’

भारतात बदकं पाळण्यात पश्चिम बंगाल आणि आसाम आघाडीवर आहेत. घरामागच्या तळ्यावर पाच-दहा बदकं सांभाळणं हे तिथे बहुधा बाईचंच काम. बदक पहाटे अंडं घालतं. म्हणून सकाळपर्यंत त्यांना खुराड्यात कोंडून ठेवायचं, अंडी गोळा करायची आणि मग पाण्यावर सोडायचं. गोगलगायी, किडे, सांडलेलं धान्य यावर त्यांचं बरंचसं भागतं. पुरात कोंबड्या बुडतात, बदकं तरंगतात. म्हणूनच बांगलादेशातल्या पुराच्या भागात अनेक बायकांनी कोंबड्या सोडून बदकं धरली. अंडं कोंबडीच्या अंड्याहून मोठं आणि बंगालच्या बाजारात भावही जास्त. यजमानीण म्हणाली, ‘‘भाताचे पैसे त्यांचे, अंड्यांचे माझे.’’ त्या पैशांतून वही येते, औषध येतं, माहेरी जायचं तिकीट निघतं. ते खर्च करताना तिला कुणाला विचारावं लागत नाही.

परत आल्यावर हे सगळं आमच्या बैठकीत सांगितलं, तेव्हा एकीने नाक मुरडलं, ‘‘बदकाचं अंडं? शी! वास येतो.’’ मग बदकाच्या अंड्यांचे जगभरचे प्रकार निघाले आणि ‘शी’चा आवाज वाढतच गेला. चीनमध्ये चुना, राख, मीठ यांच्या लेपात अंडी काही आठवडे ते काही महिने मुरवतात. पांढरा बलक तपकिरी जेलीसारखा होतो, पिवळा हिरवट-काळा. फिलिपाइन्समध्ये मिठाच्या चिखलात मुरवलेली अंडी उकडून गडद लाल रंगवतात, म्हणजे ताज्या अंड्यांतून ती ओळखू येतात. आणि तिथलंच बलुत! बदकाचं पिल्लू अठ्ठावीस दिवसांनी बाहेर येतं. बलुतासाठी फळलेलं अंडं चौदा ते अठरा दिवस उबवून मगच उकडतात. वरचं टोक फोडून आधी आतला रस प्यायचा, मग मीठ किंवा व्हिनेगर लावून उरलेलं खायचं. मनिलाजवळचं पतेरोस गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. रात्री फेरीवाले ओरडत ते विकतात. त्याने पुरुषांची ताकद वाढते, असा तिथे समज आहे.

ही ‘शी’ आपल्या ओळखीची आहे. सुक्या बोंबलाच्या वासावरून खोली नाकारलेल्या, डबा वेगळा बसून खायला लावलेल्या बाया आपल्यातच आहेत. दुसऱ्याच्या अन्नाला घाण म्हणताना आपण ते रांधणारीलाही खालची ठरवतो. मला मात्र त्या चर्चेतली एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटली. कंबोडियात असंच उबवलेलं अंडं गरोदर आणि बाळंत बाईला शक्ती येण्यासाठी देतात. अंडं आधी कुणाला द्यायचं, याचं तिथे निदान एक उत्तर आहे. आपल्याकडे ते कर्त्या पुरुषाला, मग मुलग्याला, उरलं तर तिला.

बदकपालनाच्या योजना आपल्या गटांपर्यंतही येतात. त्यात पक्षी किती, खाद्य किती, कर्ज किती, सगळं लिहिलेलं असतं. बाईने किती अंडी खाल्ली, हा रकाना नसतो. धंदा वाढला की तो तिच्या हाती राहील का, हेही नसतं. केरळच्या कुट्टनाडात कापणी झालेल्या भातखाचरांतून हजारो बदकांचे कळप चारतात. तिथे २०१४ साली बर्ड फ्लू आला आणि बदकं मारावी लागली. असं संकट आपल्या गटावर आलं, तर भरपाईच्या कागदावर नाव कुणाचं असेल? पक्षी तिने सांभाळले, पण खातं नवऱ्याचं, असं व्हायला नको.

म्हणून एक सुचवते. अंडी, कोंबड्या, शेळ्या, काहीही असो, गटाच्या वहीत तीन रकाने वाढवा : पैसे कुणाच्या हाती आले, खर्च कुणी ठरवला आणि तिने स्वतः काय खाल्लं. तिसरा रकाना विचारताना बाया हसतील, लाजतील. तरी विचारा. आठवड्याला दोन अंडी घरच्या बाईची, बाकीची बाजाराची, असा ठराव एखाद्या गटाने केला तर त्याने उत्पन्न बुडणार नाही.

निघताना मी यजमानिणीला म्हटलं, ‘‘पुढच्या वेळी आपण दोघी अर्धं-अर्धं खाऊ.’’ ती म्हणाली, ‘‘अर्धं का? तेव्हा दोन उकडीन.’’

तुमच्या वहीत काय निघतं, ते आम्हाला जरूर लिहून कळवा.

— संपादक मंडळासाठी