डासाच्या अंगातला बिऱ्हाडकरू

“डासांची अंडी तुमच्या अंगणात ठेवू का?” असे कोणी दारात येऊन विचारले, तर आपण त्याला वेड्यात काढू. इंडोनेशियातील योग्याकार्ता शहरात मात्र लोकांनी आपल्या वस्तीत अशा बादल्या ठेवू दिल्या. तिथे डेंग्यू दरवर्षीचाच. पांढऱ्या पट्ट्यांचा एडिस डास तिथेही घरातल्या साठवणीच्या पाण्यातच वाढतो.

बादलीतली अंडी साधी नव्हती. त्यांच्यात वोल्बाकिया नावाचा जिवाणू होता. हर्टिग आणि वोल्बाक यांना तो १९२४ साली क्युलेक्स जातीच्या डासात सापडला. एडिसमध्ये तो मुळात नसतो. ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी फळमाशीतला वोल्बाकिया एडिसच्या अंड्यांत सुईने सोडला. बारीक काम, वर्षे गेली त्यात.

हा बिऱ्हाडकरू मोठा धूर्त. पिल्लांना तो फक्त आईकडून मिळतो, म्हणून तो तिचीच बाजू घेतो. वोल्बाकियावाला नर आणि साधी मादी यांची अंडी फुटत नाहीत. वोल्बाकियावाल्या मादीची अंडी मात्र कोणत्याही नरापासून फुटतात आणि पिल्ले जिवाणू घेऊनच जन्मतात. काही पिढ्यांत वस्तीतले बहुतेक डास तसेच होतात. ते चावतात, हे खरे! पण डेंग्यूचा विषाणू त्यांच्या अंगात नीट वाढत नाही.

सिंगापूरने वेगळी वाट धरली. तिथे फक्त असे नर सोडतात. नर चावत नाहीत. अंडी वाया जातात आणि डासच घटतात. पण नर सोडत राहावे लागतात.

योग्याकार्तात शहराचे २४ भाग पाडले आणि १२ भागांत हे डास सोडले. २०२१ साली निकाल प्रसिद्ध झाला: त्या भागांत डेंग्यू ७७ टक्के कमी, आणि डेंग्यूने दवाखान्यात दाखल व्हावे लागण्याचे प्रमाण ८६ टक्के कमी. तापाने फणफणलेल्या लेकराजवळ रात्र काढलेल्या आईला या आकड्यांचा अर्थ सांगावा लागणार नाही.

आपल्याकडे पुदुच्चेरीच्या सरकारी संशोधन केंद्राने असे डास तयार केल्याचे २०२२ साली सांगितले. पण ते बाहेर सोडायला सरकारी मंजुरी लागते. तोवर काम आपल्याच हाती. फ्रिजमागची ताटली, कूलर, गच्चीवरची टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करा आणि आतून घासा. नुसते पाणी ओतून भागत नाही, कारण एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडी असतानाही कित्येक महिने टिकतात.